ऑनलाइन लिलावात घेतलेली मशीन खराब निघाली, तर?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे जरा सविस्तर घेतोय. ‘सर, लिलावात घेतलं म्हणजे विषय संपला ना? तक्रार थोडीच चालते?’ हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. उत्तर आहे, चालते. पण कोणाविरुद्ध आणि कशाच्या जोरावर, हे आधी नीट बघावं लागतं.

समजा, तुम्ही मसाल्याचा धंदा सुरू करताय. बंद पडलेल्या युनिटचा पल्व्हरायझर ऑनलाइन लिलावात दिसला. वर्णनात लिहिलंय ‘५ एचपी मोटर, चालू स्थितीत’. बोली लागली, पैसे भरले, टेम्पो दारात आला. बघता तर मोटर ३ एचपीची, आणि वर बेअरिंग गेलेलं.

ही दोन दुखणी वेगळी आहेत, दोन्हीची एकत्र खिचडी करू नका. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. म्हणजे मोटरचा मुद्दा तुमच्या बाजूचा. बेअरिंगचं मात्र तसं नाही. कलम १६ नुसार, वर्णनावरून माल विकणारा त्या मालाचा व्यापारी असेल तर माल विक्रीयोग्य असावा अशी अट गृहीत धरली जाते. पण तुम्ही माल आधी तपासला असेल, तर तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता त्यावर नंतर बोट ठेवता येत नाही. म्हणून पाहणीला जाताना नुसते फोटो काढून परत येऊ नका, सोबत फिटर न्या आणि मशीन लोडवर चालवून बघा. पाहणी म्हणजे चहापाण्याचा कार्यक्रम नव्हे!

आता त्या वाक्याकडे येऊ. बँकांच्या जप्तीच्या लिलावात, एमएसटीसीवरच्या भंगार लिलावात हमखास छापलेलं असतं, ‘जसे आहे, जिथे आहे’. कलम ६२ नुसार गृहीत धरलेल्या अटी कराराने काढून टाकता येतात, त्यामुळे या वाक्याला वजन आहे. झीज, गंज, बिघाड हे सगळं तुमच्या गळ्यात पडू शकतं. पण विकणाऱ्याने जाणूनबुजून खोटं सांगून माल खपवला असेल, तर ती फसवणूक झाली. करार कायद्याच्या कलम १९ खाली असा व्यवहार रद्द ठरवून मागता येतो. हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं, म्हणून लॉटच्या पानाचा स्क्रीनशॉट बोली लावायच्या आधीच काढून ठेवा. लिलाव संपला की ते पान बऱ्याचदा गायब होतं.

ग्राहक आयोगात जाता येईल का? २०१९ च्या कायद्यात ‘व्यापारी हेतूने’ घेतलेला माल बाहेर ठेवलाय. पण स्वयंरोजगारातून फक्त स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात उदाहरणच दिलंय की लेथ मशीन घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. त्या खटल्यातल्या कंपनीला मात्र ही सूट मिळाली नाही. म्हणजे मसाला तुम्ही स्वतः दळणार असाल तर दार उघडं आहे. दहा कामगारांचं युनिट असेल तर बहुधा दिवाणी न्यायालय किंवा तडजोड. माझं मत विचाराल तर लहान रकमेसाठी आधी तडजोडीचीच बोलणी करा.

विकणारा कोण, हेही बघा. घरातली जुनी वस्तू विकणाऱ्या माणसाला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागत नाहीत. धंदा म्हणून विकणाऱ्याला लागतात, आणि सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

माल उतरवतानाच व्हिडिओ काढा. दोष दिसला की त्याच दिवशी ईमेल टाका, ‘माल नाकारत आहे’ असं स्पष्ट लिहून. आधी दुरुस्त करून वापरायला घेतलात किंवा महिनाभर गप्प बसलात, तर कलम ४२ खाली तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जाऊ शकतं. तसं झालं तर माल परत करायचा मार्ग बंद होतो, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. आणि नाकारलेला माल स्वतःच्या भाड्याने परत पाठवायची घाई करू नका. वेगळा करार नसेल तर कलम ४३ नुसार नुसतं कळवणं पुरे.

मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. आयोगात जायचं ठरलं तर मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. विकणारा लुधियानाचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइन दाखल करायची सोयही आहे.