पुठ्ठ्याचा रणगाडा आणि खरे माप

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात इतिहास विभागाचे प्रदर्शन भरायचे ठरले. कुणी किल्ला करणार होते, कुणी जुनी नाणी मांडणार होते. मी उत्साहाच्या भरात हात वर करून सांगितले, "मी १९७१ च्या युद्धातला रणगाडा करून आणतो." सरांनी लगेच वहीत नाव लिहून घेतले. रणगाड्यात असते तरी काय? एक पेटी, वर एक बुरूज, पुढे एक नळी आणि बाजूला चाके! आठवडाभरात पुठ्ठा, डिंक आणि हिरवा रंग एवढ्या भांडवलावर मी रणगाडा उभा केला. घरी सगळ्यांना तो आवडला.

आमच्या गल्लीत एक तात्या राहतात. ते सैन्यात रणगाड्याचे चालक होते आणि १९७१ साली सीमेवर होते. मोठ्या अभिमानाने मी त्यांना तो दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "पोरा, काम चांगलं हाय. पण ह्यो गाडा कुणाचाच न्हाई. चाकं एकाची, बुरूज दुसऱ्याचा. आन् चालकाला मधी कुठं बसवलास? सेंच्युरियनमधी चालक उजव्या अंगाला बसतो. आमी बसायचो ना!"

मला ते लागले. खरे सांगायचे तर रागही आला. प्रदर्शनात येणाऱ्यांपैकी किती जणांना चाके मोजता येणार होती? पण रात्री विचार केला, की तात्यांना येत होती ना! ज्यांनी त्या लोखंडात दिवस काढले त्यांच्यासमोर खोटी वस्तू ठेवून तिच्यावर '१९७१' असे लिहायचे, ही एक प्रकारची फसवणूकच झाली. मी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि वही उघडली. त्या वहीतून मला जे समजले ते इथे सांगतो. कुणाला जहाज, तोफ किंवा जुने रेल्वे इंजिन करायचे असेल तर त्यालाही ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट ही, की 'रणगाडा' करता येत नाही. एकच ठरावीक रणगाडा, एका ठरावीक दिवसाचा, असाच करावा लागतो. मी निवडला पूना हॉर्स रेजिमेंटचा 'फामागुस्ता' आणि दिवस धरला १६ डिसेंबर १९७१. पूना हॉर्सचे मूळ १८१७ सालच्या पुण्यात आहे. पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात त्या वर्षी झालेल्या तहातून हे घोडदळ उभे राहिले. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले, पण नावातले 'हॉर्स' आणि शिपायाला 'सवार' म्हणण्याची रीत कायम राहिली.

फामागुस्तावर होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून शिकून जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले. युद्धाचे ढग जमले तेव्हा ते पुढच्या प्रशिक्षणासाठी आमच्याच जिल्ह्याच्या गावी, त्या वेळच्या अहमदनगरला होते, आणि तिथूनच रेजिमेंटकडे गेले. शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे जरपाल येथे १६ डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला. त्यांना थोपवताना खेत्रपालांच्या रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडण्याचा हुकूम आला, परंतु तोफ अजून चालते आहे असे कळवून ते जागेवरच राहिले. त्याच लढाईत ते धारातीर्थी पडले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच दिवशी तिकडे ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. दोन वर्षांचेच अंतर, हे वहीत लिहिताना माझा हात थांबला होता.

दुसरी गोष्ट, जात आणि उपजात ओळखणे. माझ्या पहिल्या रणगाड्याला एका बाजूला पाच चाके होती. ती मी रशियन टी-५५ च्या चित्रावरून घेतली होती. टी-५५ ची खूण म्हणजे पाच चाके, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकांत जरा मोठी फट. हा रणगाडाही त्या काळी आपल्या सैन्यात होता, पण फामागुस्ता हा ब्रिटिश 'सेंच्युरियन'. त्याला एका बाजूला सहा चाके असतात, ती दोन-दोनच्या तीन जोड्यांनी बसवलेली. शिवाय प्रत्येक चाक दुहेरी असते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून चोवीस चकत्या कापायच्या! बाजूला लोखंडी पत्रे लोंबत असल्यामुळे चाकांचा वरचा भाग झाकला जातो, म्हणून चित्रात ती नीट दिसत नाहीत. वाकून पाहिले तरच मोजता येतात.

बरे, नुसते 'सेंच्युरियन' म्हणूनही भागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, त्याचे पहिले नमुने तयार झाले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यात सुधारणा होत राहिल्या आणि प्रत्येक सुधारणेला 'मार्क' असा क्रमांक मिळाला. आधी त्याच्यावर १७ पौंडी तोफ होती, मग २० पौंडी आली, नंतर १०५ मिलिमीटरची. प्रत्येक तोफेची नळी वेगळी दिसते. माझ्या हाती आधी जो आराखडा लागला तो अगदी सुरुवातीच्या मार्कचा होता. तो जसाच्या तसा उतरवला असता तर चोवीस चाके बरोबर आणि नळी चूक, असा प्रकार झाला असता. म्हणून आराखडा कोणत्या मार्कचा आहे हे वाचल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये, आणि नळी तर त्या विशिष्ट रणगाड्याच्या छायाचित्रावरूनच घ्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे माप. इथे माझे वडील मदतीला आले. ते सुतार आहेत. शाळेत फार गेले नाहीत, पण इंच आणि सूत त्यांच्या बोटांत आहे. मी त्यांना सांगितले, की रणगाड्याच्या प्रतिकृती बहुधा एकास पस्तीस या प्रमाणात करतात. "पस्तीसच का? चाळीस का नाही?" त्यांनी विचारले. उत्तर शोधले तेव्हा गंमत कळली. १९६१ साली जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचे खेळणे काढले. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्यावर त्याचा आकार ठरला. तो पस्तिसाव्या भागाच्या आसपास आला आणि पुढे जगभर तेच प्रमाण रूढ झाले. वडील हसले. म्हणाले, "म्हंजी मालाच्या मापानं पेटी केली. आमीबी तसंच करतो."

हिशेब सोपा आहे. खरे माप सेंटिमीटरमध्ये लिहायचे आणि ३५ ने भागायचे. सेंच्युरियनची रुंदी बाजूच्या पत्र्यांसह सुमारे ३.३९ मीटर, म्हणून प्रतिकृतीची ९.७ सेंटिमीटर. तोफ सोडून धडाची लांबी सुमारे ७.६ मीटर, म्हणून २१.७ सेंटिमीटर. उंची साधारण ३ मीटर, म्हणून साडेआठ सेंटिमीटरच्या जरा वर.

पण पुस्तकात मोठी मापेच दिलेली असतात. झाकणाची, दिव्याची, चाकाची मापे कुठून आणायची? त्यासाठी छायाचित्र कामाला येते. अगदी बाजूने आणि लांबून घेतलेले छायाचित्र निवडावे. समजा त्यात ७.६ मीटरचे धड १५.२ सेंटिमीटर भरले, तर छायाचित्रातला १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ५० सेंटिमीटर झाले. त्यात चाक १.६ सेंटिमीटरचे दिसले तर खरे चाक ८० सेंटिमीटरचे, आणि प्रतिकृतीतले जवळजवळ २.३ सेंटिमीटरचे. छायाचित्र तिरपे असेल तर जवळचे मोठे व लांबचे लहान दिसते आणि हा हिशेब फसतो. वडिलांनी मला एक सवय लावली, ती म्हणजे कापण्याआधी दोनदा मोजायचे. ते म्हणतात, "कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं तर लाकूड काय वाढत न्हाई."

चौथी गोष्ट, प्रत्यक्ष वस्तू पाहणे. आमच्या जिल्ह्याचे भाग्य मोठे आहे. अहिल्यानगरात, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगरात, फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. फामागुस्ताही याच गावी आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. संग्रहालयात मी वही घेऊन गेलो आणि सेंच्युरियनसमोर इतका वेळ बसलो, की बरोबरचा मित्र कंटाळून चहाला निघून गेला. एकावन्न टनांचे ते धूड समोर असले म्हणजे पुस्तकातले आकडे एकदम खरे होतात. मागच्या अंगाला ६५० अश्वशक्तीचे 'मीटिअर' इंजिन असते. स्पिटफायर विमानातल्या 'मर्लिन' इंजिनापासून ते तयार केले होते. म्हणजे विमानाचे काळीज जमिनीवर धावत होते!

परंतु संग्रहालयाबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. तिथला रणगाडा धुतलेला, पुसलेला, पुन्हा रंगवलेला असतो. युद्धाच्या सकाळचा रणगाडा असा नसतो. बसंतरच्या काठी सुरुंग पेरलेल्या शेतांतून वाट काढत तो आला होता. त्याच्यावर धूळ होती, चिखल होता, माणसांचे सामान बांधलेले होते. म्हणून आकार संग्रहालयातून घ्यावा आणि अवस्था त्या काळच्या छायाचित्रांतून. तीही बहुतेक कृष्णधवल असतात. त्यांत हिरवा आणि मातकट रंग सारखेच दिसतात, म्हणून रंग केवळ त्यांच्यावरून ठरवू नये.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, माणसांना विचारणे. सेंच्युरियनमध्ये चार माणसे असत. पुढे उजवीकडे चालक. बुरुजात उजव्या बाजूला तोफची, त्याच्या मागे कमांडर. डावीकडे गोळे भरणारा, आणि बिनतारी यंत्रही त्याच्याकडेच. फामागुस्तामध्ये चालक सवार प्रयाग सिंग, तोफची सवार नथू सिंग आणि बिनतारी सांभाळणारे सवार नंद सिंग होते. नंद सिंगही त्या लढाईत कामी आले. आपण एकच नाव पाठ करतो. प्रतिकृती करताना मात्र चार माणसांची जागा करावी लागते, आणि मग उरलेली तीन नावे शोधल्याशिवाय राहवत नाही.

विचारायचे ते समोरच्या बाजूलाही. २००१ साली खेत्रपालांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी पाकिस्तानात आपले जन्मस्थान पाहायला गेले. लाहोरात ज्यांच्या घरी त्यांचा पाहुणचार झाला ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर १९७१ साली पाकिस्तानच्या १३ लान्सर्स रेजिमेंटमध्ये होते. तुमचा मुलगा माझ्याच हातून पडला, असे त्यांनी स्वतः या पित्याला सांगितले. तीस वर्षे जी गोष्ट घरच्यांना ठाऊक नव्हती, ती कळली शत्रूच्या तोंडून. इतिहासाचे अर्धे कागद पलीकडच्या घरात असतात, हे मला पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

नवा रणगाडा करायला मला साडेतीन महिने लागले. प्रदर्शनाची तारीख त्याआधीच उलटून गेली. त्या दिवशी माझ्या टेबलावर फक्त वही होती, आणि सरांनी ती मांडू दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आई म्हणाली, "एवढा अभ्यास परीक्षेचा केला असतास तर?" तिचेही चूक नाही.

रणगाडा पुरा झाल्यावर तो घेऊन मी पुन्हा तात्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला. चाके मोजली. उजवीकडचे चालकाचे झाकण नखाने उघडून पाहिले, कारण ते मी उघडणारे केले होते. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या पोटात गोळा आला.

"हितं," त्या झाकणावर बोट ठेवून ते शेवटी म्हणाले, "हितं मी बसायचो." आणि त्यांनी रणगाडा माझ्या हातात परत न देता आपल्या फळीवर, बायकोच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला.

तो अजून तिथेच आहे. या वर्षीच्या प्रदर्शनासाठी मागून आणायला हवा, पण अजून धीर झालेला नाही.

— द्वितीय वर्ष, कला