किण्वाचे इंट्रॉन आणि आपले आसव-संधान

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंग येथे आम्ही आमच्या रुग्णांपुरती आसवे व अरिष्टे सिद्ध करतो. एका वर्षी द्राक्षासवाचे संधान सुरूच होईना. किण्व म्हणून मागील खेपेच्या तळाचा गाळ घातला होता आणि तो कित्येक महिने बरणीत पडून होता. पात्राला कान लावावा तर सळसळ नाही. जळती काडी आत धरावी तर ती विझत नाही. सर्व द्रव्य ओतून द्यावे की थांबावे? थांबलो. आठव्या दिवशी काडी विझली. अन्नावाचून पडून राहिलेले किण्व तगते कसे, या कुतूहलापोटी जे वाचनात आले ते वैद्यबंधूंपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहोत.

आसवातील एक प्रमुख किण्व म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगविणारे यीस्टही तेच. त्याच्या सुमारे ६,००० जनुकांचे वाचन १९९६ मध्ये पूर्ण झाले. जनुकातील मजकूर प्रथम आरएनएमध्ये उतरविला जातो, यास प्रतिलेखन म्हणतात. काही जनुकांत मधोमध असा तुकडा असतो की ज्याचा प्रथिनाच्या घडणीत उपयोग होत नाही. पेशी तो आरएनएमधून कापून काढते व उरलेली टोके सांधते. हाच इंट्रॉन. फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ मध्ये ही तुटक रचना उघड केली.

किण्वात असे तुकडे जेमतेम तीनशे. परंतु ते विखुरलेले आहेत कोठे, हे पाहण्यासारखे आहे. रायबोसोम हे पेशीतील प्रथिने घडविणारे यंत्र. त्याच्या १३७ प्रथिन-जनुकांपैकी सुमारे शंभरांत इंट्रॉन आहेत. ही जनुके अहोरात्र उतरविली जात असल्याने, संख्येने शेकडा पाचच्या आसपास असलेली इंट्रॉनयुक्त जनुके एकूण संदेशवाहक आरएनएचा पावहून अधिक हिस्सा पुरवितात.

इंट्रॉन काढला की कित्येक जनुकांचे उत्पादन घटते. प्रारंभस्थानाजवळ कापणीची खूण असल्यास प्रतिलेखनच वाढते, असे २००२ मध्ये दिसले. २०१२ च्या प्रयोगांत त्याची एक रीत आढळली: जनुकाचा आरंभ व शेवट एकत्र येऊन फास पडतो. लेखन संपविणारे विकर त्यामुळे पुन्हा आरंभाशी पोहोचणे सुकर होते, असे मानतात. फास न पडणाऱ्या किण्वात ही वाढ दिसली नाही.

आमच्या बरणीशी संबंध येतो तो पुढे. २०१९ मध्ये शेरब्रुक येथील संशोधकांनी किण्वातील इंट्रॉन एकेक करून वगळले. अन्न मुबलक असता फारसा फरक पडला नाही. उपासमारीत मात्र बहुतेक किण्वे मागे पडली. उपासमारीत रायबोसोमची खर्चिक निर्मिती आवरण्यास इंट्रॉन साहाय्य करतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटास, वाढ थांबलेल्या किण्वात ३४ इंट्रॉन कापल्यानंतरही नष्ट न होता साठलेले आढळले.

आमचे द्राक्षासव यामुळेच वाचले, असे आम्ही म्हणणार नाही. धायटीच्या फुलांवरील ताज्या किण्वानेही ते काम केले असेल. ‘जनुकसंस्कारित’ किण्वाची पाकिटे घेऊन कोणी औषधशाळेत आल्यास वरील संशोधनाचा आधार त्यास मिळत नाही, एवढे मात्र निश्चित. आम्ही आता गाळ फार काळ ठेवीत नाही, नवी धायटी वापरतो, आणि काडी विझेना म्हणून पहिल्या आठवड्यात पात्र रिकामे करीत नाही.