चेहरा कोणी लपवला?

नोव्हेंबर १९७३च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिऑन हार्मन यांचा माणसांचे चेहरे ओळखण्याविषयीचा लेख आला. त्यातलं एक चित्र लेखापेक्षा जास्त गाजलं. अमेरिकेच्या पाच डॉलरच्या नोटेवर अब्राहम लिंकन असतो, त्याच चेहऱ्याचे आडवे १४ आणि उभे १८, म्हणजे २५२ चौकोन. प्रत्येक चौकोनातल्या उजेड-अंधाराची संगणकाने सरासरी काढली आणि सगळा चौकोन त्या एकाच करड्या रंगाने भरून टाकला. डोळे गेले, दाढी गेली, कपाळावरच्या आठ्या गेल्या. जवळून पाहिलं तर न्हाणीघराची फरशी.

आता तेच पान टेबलावर उभं करून दहा पावलं मागे जा. किंवा जागेवरच डोळे बारीक करा. लिंकन तुमच्याकडे बघत असतो.

गोम इथेच होती. मागे गेल्यावर डोळ्यांत पोचणारा तपशील कमी होतो, वाढत नाही. डोळे बारीक केले की चित्र धुरकट होतं. मग धुरकट चित्रात माणूस सापडतो आणि लख्ख चित्रात हरवतो, हे कसं? तपशील कमी आहे म्हणून चेहरा दिसत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. चेहरा त्या २५२ चौकोनांत पुरेपूर होता. त्याला कोणीतरी झाकत होतं. कोण?

हार्मन यांना चित्रांशी असले खेळ करायची जुनी सवय. १९६६ साली त्यांनी आणि केन नोल्टन यांनी एका विवस्त्र नर्तिकेचा फोटो संगणकाला दिला. उजेडाच्या प्रत्येक पायरीसाठी विद्युतमंडलांच्या आकृत्यांत असतात तसली बारीक चिन्हं निवडली आणि बारा फूट रुंद चित्र छापून काढलं. ते नेऊन टांगलं कुठे, तर प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठाच्या खोलीत, साहेब जागेवर नसताना! चित्र अर्थातच लगेच उतरलं. पण ऑक्टोबर १९६७मध्ये ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं आणि थट्टेची कला झाली. ही सगळी मंडळी न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेची. टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. पुढच्या तपासात हे टेलिफोनचं नातं कामी आलं.

पहिला संशय साहजिकच चौकोनांच्या कडांवर गेला. चेहऱ्यात सरळ रेषा नसतात, काटकोन नसतात. इथे तर नजर सगळीकडे कडांवरच अडखळते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. हार्मन यांच्या जोडीला बेला युलेश होते. मूळचे हंगेरीचे, १९५६च्या उठावानंतर देश सोडून आलेले. नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांच्या दोन चित्रांतून खोली दिसते हे दाखवून त्यांनी आधीच नाव कमावलं होतं. डोळा फसतो तेव्हा नेमका कुठे फसतो, हे शोधून काढणं हाच त्यांचा धंदा.

कोणतंही चित्र ढोबळ आणि बारीक लहरींची बेरीज असतं, असं अभियंते मानतात. गालाचा उतार ही ढोबळ लहर, पापणीचा केस ही बारीक. २५२ चौकोनांत लिंकनच्या फक्त ढोबळ लहरी उरल्या होत्या. त्याहून बारीक जे काही दिसतं ते लिंकनचं नाहीच, चौकोनांनी घुसडलेलं आहे. म्हणजे गुन्हेगार या घुसखोरांतच. पण त्यांतही दोन टोळ्या. एक अगदी बारीक लहरींची, कडांना तो सुरीसारखा धारदारपणा देणारी. दुसरी चेहऱ्याच्या लहरींपेक्षा जेमतेम बारीक, त्यांना खेटून बसलेली.

दोघांनी दोन्ही टोळ्या वेगवेगळ्या करून पाहिल्या. आधी अगदी बारीक लहरी काढल्या. कडा बोथट झाल्या, पण लिंकन काही पुढे आला नाही. मग त्या परत आणल्या आणि फक्त खेटून बसलेल्या काढल्या. चित्रात किरकिर तशीच, आणि तिच्याआड लिंकन स्पष्ट. कडांचा धारदारपणा निर्दोष सुटला. चेहरा झाकला होता तो शेजाऱ्याने.

कानाच्या बाबतीत हा नियम टेलिफोनवाल्यांना ठाऊक होता. पेटीचा एखादा सूर बुडवायचा तर त्याच्या जवळच्याच पट्टीतला गोंगाट लागतो. दूरच्या पट्टीतली शिट्टी कितीही बोचली तरी सूर ऐकू येत राहतो. डोळाही तसाच वागतो, हे जून १९७३मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या हार्मन आणि युलेश यांच्या निबंधाने दाखवून दिलं. चित्रकार साल्वादोर दालीने ती चौकोनी लिंकनची आकृती उचलली आणि १९७६ साली मोठ्या कॅनव्हासवर रंगवली. जवळून बघाल तर खिडकीशी पाठमोरी उभी त्याची बायको गाला आणि पलीकडे भूमध्य समुद्र. वीस मीटरवरून लिंकन. हे अंतर चित्राच्या नावातच घातलंय. दालीच्या इतर चाळ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण हे चित्र मी त्याला माफ करतो.

हे सगळं मी वाचलं ते स्वतः आपटल्यावर.

वडिलांचा एक स्टुडिओतला फोटो आहे, कृष्णधवल. त्यांच्या पंचाहत्तरीला तो लेगोच्या टाइलमध्ये करायचं मनात होतं. ते गेले, पण मनातलं गेलं नाही. या टाइलचं गणित सोपं: एक टाइल ८ मिलिमीटर, आडव्या ४८ आणि उभ्या ४८, एकूण २,३०४, चौकट ३८.४ सेंटीमीटरची. रंग चार: पांढरा, फिका करडा, गडद करडा, काळा. आईने मॅटीच्या कापडावर मोर भरले तेव्हा तिच्याकडे दोऱ्याचे रंग याहून जास्त होते.

गिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं. फोटो ४८ बाय ४८वर आणला. फोटो कमरेपर्यंतचा होता, त्यामुळे नाकाच्या वाट्याला दोन टाइल आल्या आणि कोटाच्या वाट्याला सहाशे. कापून फक्त चेहरा आणि टोपी ठेवली. मग कळलं की टोपी पांढरी, मागची भिंतही पांढरी, आणि चार रंगांत दोघी एकच. वडील बोडके दिसू लागले, आणि बोडक्याने घराबाहेर पडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. भिंत हाताने एक पायरी गडद केली तेव्हा टोपी परत आली. चेहरा धूसर वाटतोय म्हणून सॉफ्टवेअरमधला धार लावणारा फिल्टर वापरला आणि चित्र आणखी बिघडवलं. पण खरी ठेच पुढे लागली.

चार रंगांत गालाचा उतार बसत नाही. फिका करडा संपतो तिथे एकदम गडद सुरू होतो आणि गालावर नकाशातल्यासारखी हद्द पडते. यावरचा उपाय स्टॅनफर्डच्या रॉबर्ट फ्लॉइड यांनी लुई स्टाइनबर्ग यांच्यासोबत शोधला आणि १९७६ साली छापला. फ्लॉइड हे अजब गृहस्थ. सतराव्या वर्षी पदवीधर, पीएच.डी. कधीच नाही, तरी स्टॅनफर्डला प्राध्यापक आणि १९७८चे ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. त्यांची युक्ती किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी आहे. एखाद्या चौकोनाला हवा होता मधला करडा, मिळाला काळा. म्हणजे तो हवा त्यापेक्षा गडद झाला. हा फरक सोडून द्यायचा नाही, शेजाऱ्यांच्या नावावर मांडायचा. सोळा भागांपैकी सात उजवीकडच्याला, पाच खालच्याला, तीन खाली डावीकडच्याला, एक खाली उजवीकडच्याला. ते शेजारी तेवढे उजळ होऊन कर्ज फेडतात. स्वतःचा उरलेला हिशेब पुन्हा पुढे ढकलतात. काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधला करडा मागितला तर बुद्धिबळाचा पट उमटतो. लांबून तो करडाच.

गिम्पमध्ये चित्राचे रंग मोजक्या रंगांवर आणताना फ्लॉइड-स्टाइनबर्ग हा पर्याय समोरच असतो. मी तो निवडला. पडद्यावर चित्र लहान होतं, छान दिसलं. चार संध्याकाळी बसून २,३०४ टाइल दाबल्या. उभं करून पाहिलं तर वडिलांना गोवर आलेला.

छापखान्यात ही युक्ती चालते, कारण तिथला ठिपका मिलिमीटरच्याही लहानशा अंशाएवढा असतो. चेहऱ्याच्या लहरींपासून त्याची किरकिर फार दूर. माझा ठिपका ८ मिलिमीटरचा, आणि माझ्या ४८ चौकोनांत डोळ्याची बाहुलीही एकच टाइल. उधारी फेडणारे फ्लॉइडचे शेजारी आणि चेहरा झाकणारे युलेशचे शेजारी एकाच जिन्यावर राहायला आले होते. ८ मिलिमीटरचा चौकोन नजरेतून पुरता विरघळायला सुमारे २७ मीटर मागे जावं लागतं. चेहरा त्याच्या बऱ्याच आधी जमू लागतो, हे खरं. पण आमचा पॅसेज चार मीटरचा आहे.

मग फ्लॉइडला चेहऱ्यातून बाहेर काढलं. मूळ फोटो किंचित धुरकट केला, मग लहान केला, आणि चेहऱ्याच्या भागात उधारी बंद ठेवली. गालावरची हद्द कुठून न्यायची हे हाताने ठरवलं, नाकाच्या बाजूच्या सावलीला जोडून, म्हणजे ती हद्द न वाटता हाड वाटेल. उधारी फक्त भिंतीत चालू ठेवली. तिथे ठिपके दिसले तर दिसले, भिंतीलाच पोपडे. पाचशेच्या आसपास टाइल उचकटून पुन्हा लावल्या. टाइल नखाने निघत नाही. सोबत येतं ते प्लॅस्टिकचं हत्यार टाकून देऊ नका.

तिसऱ्या रात्री चौकट सोफ्यावर टेकवून मी जवळून एकेक टाइल तपासत होतो. आई पाणी प्यायला उठली. चष्मा खोलीतच राहिलेला. स्वयंपाकघराच्या दारातून, चार मीटरवरून, तिने एकदा पाहिलं.

“यांची टोपी उजवीकडे झुकलेली असायची,” ती म्हणाली. “सरळ कधी घातली त्यांनी?”

मी मूळ फोटो काढून पाहिला. भिंत गडद करताना टोपीची कड मी माझ्या हाताने सरळ केली होती. नऊ टाइल बदलल्या.