अमन लॉज ते माथेरान : तीन किलोमीटरची गरजेची गाडी

नेरळ-माथेरान लाइट रेल्वेचा मार्ग सुमारे 21 किलोमीटरचा. त्यातला अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा टप्पा जेमतेम तीन किलोमीटरचा, पण डोंगरावरच्या रोजच्या जगण्याला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो याच टप्प्याचा. माथेरानात मोटारींना बंदी आहे; रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांच्यासारखे मोजके अपवाद सोडले तर दस्तुरी नाक्याच्या पुढे एकही मोटार जात नाही. नाक्यावर उतरलेल्या माणसापुढे पायी चालणे, घोडा किंवा अलीकडची ई-रिक्षा हे पर्याय असतात, आणि नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून सुटणारी शटल. वीसेक मिनिटांत ती थेट बाजारपेठेत, महात्मा गांधी रस्त्यालगतच्या माथेरान स्थानकात आणून सोडते. मोठ्या शहरात हलक्या रेल्वेकडून जे काम अपेक्षित असते, म्हणजे कमी अंतर, एकामागून एक फेऱ्या आणि वस्तीच्या मधोमध थांबा, तेच काम ही गाडी करते.

बाकीचा मार्ग नेरळपासून चढत येतो. नेरळला मुख्य लोहमार्गाच्या फलाटांशेजारीच अरुंद रुळांची छोटी गाडी लागते. तिची लोको शेडही तिथेच आहे. नेरळ 1856 सालीच मुंबईशी रेल्वेने जोडले गेले होते. त्याआधी सहा वर्षे, 1850 मध्ये, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानच्या पठाराची वाट धरली आणि ते थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आले. तरी पुढची पन्नासहून अधिक वर्षे नेरळला उतरलेला माणूस घोड्यावरून, पालखीतून नाहीतर पायीच वर जात असे. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधायला घेतला. वडिलांनी पैसा पुरवला. 16 लाख रुपये खर्च आला. 22 मार्च 1907 रोजी गाडी सुरू झाली. सरकारी तिजोरीची वाट न पाहता एका व्यापारी घराण्याने डोंगरात रेल्वे नेली, ही गोष्ट रायगड जिल्ह्याच्या इतिहासात आजच्यापेक्षा ठळकपणे सांगितली जायला हवी.

या मार्गाला 'लाइट' म्हणतात त्यामागे साधा हिशेब आहे. मुख्य मार्गाचे रूळ 1,676 मिलिमीटर अंतरावर असतात, इथे हे अंतर फक्त 610 मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. रूळ जवळ असले की वळण आखूड घेता येते, आणि डोंगर पोखरण्याऐवजी त्याच्या कडेकडेने वळसे घालत चढता येते. म्हणूनच एवढ्या चढणीवर बोगदा एकच आहे, तोही अगदी छोटा. चढ मात्र कडक आहे. बोरघाटात मुख्य लोहमार्ग 37 फुटांमागे एक फूट चढतो, इथे 20 फुटांमागे एक फूट. निलगिरीच्या रेल्वेसारखी दातेरी पट्टी इथे नाही; चाक आणि रूळ यांच्या पकडीवरच सारा भार. वाफेच्या काळातली जर्मन बनावटीची इंजिने यासाठीच वेगळी होती. त्यांचे टोकाचे आस वळणावर थोडे सरकत, त्यामुळे लांब इंजिनही आखूड वळण घेऊ शके. ही इंजिने 1982 पर्यंत धावली. डिझेल इंजिने त्याआधीच आली होती.

उतरताना खरी कसोटी ब्रेकची. हवेच्या दाबाचे ब्रेक येण्यापूर्वी प्रत्येक डब्यावर एक ब्रेकवाला असे. चालक शिट्टी देई आणि शिट्टीच्या इशाऱ्यानुसार हे सारे जण आपापल्या डब्याचा ब्रेक हाताने आवळत किंवा सैल करत. एकाने उशीर केला तर मागचा डबा पुढच्याला रेटणार, म्हणून सगळ्यांचे हात एका तालात चालावे लागत. शंभर वर्षांच्या आसपास हजारो प्रवासी सुखरूप उतरले ते या माणसांच्या मनगटांवर, आणि त्यांचे श्रेय इंजिनाइतकेच आहे.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात. दरडी, वाहून जाणारी खडी आणि खचणारे भराव हे त्याचे कारण. 26 जुलै 2005 च्या पावसाने मार्ग इतका उखडला की गाडी पुन्हा धावायला 2007 उजाडले. 2016 मध्ये डबे घसरल्याने सेवा थांबली. 2017 च्या ऑक्टोबरअखेर आधी शटल आणि 2018 च्या प्रजासत्ताक दिनी पूर्ण मार्ग सुरू झाला. 2019 च्या पावसाने पुन्हा तडाखा दिला आणि नेरळहून सुटणारी गाडी 22 ऑक्टोबर 2022 पर्यंत बंद राहिली. दुरुस्तीत काँक्रीटचे स्लीपर घातले, कमकुवत जागी जाळीत दगड भरून भिंती बांधल्या. वरचा टप्पा पठारावरून जात असल्यामुळे त्याला हा धोका कमी. 2012 पासून हवेच्या ब्रेकची शटल भर पावसातही चालवली जाऊ लागली, आणि माथेरानकरांना पावसाळ्यातही गाडीचा आधार मिळाला.

शटलला साधारण सहा डबे असतात: तीन दुसऱ्या वर्गाचे, एक पहिल्या वर्गाचा आणि दोन सामानाची सोय असलेले. पर्यटकाच्या नजरेतून सुटतात ते हे शेवटचे दोन डबे. भाजीपाला, किराणा, हॉटेलांचे सामान, घरबांधणीच्या वस्तू, जे खालून मोटारीतून येते ते दस्तुरीला उतरते आणि तिथून घोड्याच्या पाठीवर, हमालाच्या डोक्यावर किंवा हातगाडीवर चढते. गाडीतून गेलेली प्रत्येक गोणी कुणाच्या तरी पाठीवरचे ओझे उतरवते. 2022 च्या डिसेंबरात इथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. ई-रिक्षेत मोजकीच माणसे बसतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी दस्तुरीवर लोटणारी गर्दी वर नेण्याचा मोठा वाटा शटलकडेच राहतो. नेरळहून पूर्ण प्रवासाला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो आणि त्या गाडीच्या फेऱ्याही मोजक्याच. घाई असलेली माणसे टॅक्सीने दस्तुरी गाठतात आणि अमन लॉजला शटल पकडतात.