प्रश्न विचारावा कसा?

२०११ साली इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत प्रथमच 'तुमची मुख्य भाषा कोणती?' हा प्रश्न आला. २०२१ मध्येही तोच. घरी मराठी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्याने 'इंग्रजी'वर खूण केली की त्याची मराठी हिशेबातून गेली! अमेरिकेच्या सर्वेक्षणात मात्र 'घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का?' आणि मग 'कोणती?' असे विचारतात. तिथे मराठी टिकते. नगरपालिका दुभाष्यांची सोय करताना असेच आकडे पाहतात, वाचकहो.

आपल्या मंडळांची पत्रकेही आम्ही पाहतो. 'मुलांना मराठी यावी असे वाटते ना?' याला 'नाही' कोण म्हणेल? 'गेल्या महिन्यात मूल किती रविवारी वर्गाला आले?' असे विचारावे. आणि छापण्यापूर्वी पत्रक चार घरी भरून पाहावे. एक घर तरी कार्यकारिणीबाहेरचे असावे.