क्वचित् लागणारें रंधायंत्र : ठेवावें कीं काढावें ?

घरचें लांकूड घरींच रंधून निघावें, सुताराच्या पायऱ्या झिजवाव्या लागूं नयेत, या हेतूनें आपल्यापैकीं कित्येक शेतकरी बंधूंनीं विजेवर चालणारीं रंधायंत्रें घेतलीं आहेत. प्रस्तुत लेखकानेंही नोकरींत असतांना, सात वर्षांपूर्वीं, असें एक यंत्र ३६,००० रुपयांस घेतलें. त्याचा बहुतेक काळ गोठ्याशेजारच्या पडवींत गोणपाटाखालींच गेला. अशा यंत्राचें काय करावें, याचा निर्णय कोणत्या रीतीनें करावा, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम खरेदीची किंमत विसरावी. ती खर्च होऊन गेली. यंत्र ठेवल्यानें ती परत येत नाहीं. आज विकल्यास काय येईल, तोच आंकडा धरावा. आमच्या यंत्रास १८,००० रुपये येत होते. शेंकडा ७ दरानें त्यांचें वर्षाचें व्याज १,२६० रुपये. किंमतींत दरसाल होणारी घट सुमारें १,५००. पात्यांस धार, पट्टा, तेल व किरकोळ दुरुस्ती ९००. एकूण ३,६६० रुपये. कारकुनीची संवय म्हणून यंत्र चालविल्याच्या तारखा मी वहींत टिपीत असें. तीन वर्षांत अवघे अकरा दिवस भरले. म्हणजे एक दिवस सुमारें १,००० रुपयांस पडला, आणि वीज व मजुरी त्यांत नाहीं. तालुक्याच्या गांवीं यंत्रवाला सुतार तितकेंच काम आपल्या मजुरीसह ८०० रुपयांत करून देतो.

यावर नेहमींचा आक्षेप असा कीं, ऐन मृगांत तिफण मोडली तर सुतार सांपडत नाहीं, त्या वेळीं घरचें यंत्र उपयोगीं पडतें. मीही असेंच म्हणत असें. परंतु वही पाहिली तेव्हां अकरांपैकीं नऊ दिवस दारांच्या चौकटी, फळ्या व गव्हाणी यांचे निघाले. अवजारांचे दोनच, आणि तेही उन्हाळ्यांतले. पेरणीच्या वेळीं जी निकड असते ती करवत, वाकस, पटाशी व हातरंधा यांनीं भागते. मात्र जवळ वाळलेलें बाभळीचें लांकूड पाहिजे. ओल्या लांकडाचा फण बसविला तर तो वाळून आकसतो व सैल होतो. एक इंच जाडीची फळी सावलींत, मध्यें पट्ट्या घालून रचली, तर वाळण्यास सुमारें एक वर्ष घेते. टोंकांस तेलरंग लाविल्यास चिरा कमी पडतात. तेव्हां निकडीसाठीं सांठा करावयाचा तो लांकडाचा.

न चालणारें यंत्र जसेंच्या तसें राहतें हाही भ्रमच. पावसाळ्यांत बिडाच्या पाट्यावर गंज चढतो, मोटारीच्या गुंडाळींत ओल शिरते, उंदीर तारा कुरतडतात. ठेवावयाचेंच असेल त्यांनीं पाट्यास तेल पुसावें, पट्टा ढिला करून ठेवावा, आणि पावसाळा सरल्यावर मोटार वायरमनकडून तपासून मगच सुरू करावी.

याहून मोठी गोष्ट हातांची आहे. चार महिन्यांच्या खंडानंतर एके दिवशीं यंत्र लाविलें. माझा पुतण्या वीतभर लांबीचा तुकडा हातानें पुढें सारीत होता. तुकडा उसळला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचें टोंक गेलें. यंत्रांत कांहीं बिघाड नव्हता. रोज काम करणाऱ्या सुताराचा हात जेथें आपोआप थांबतो, तेथें आमचा थांबला नाहीं. आखूड तुकडा यंत्रावर घेऊंच नये, लांकूड सारण्यास ठोकळा वापरावा, सैल बाह्या व हातमोजे घालूं नयेत, हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि संवय असणें यांत किती अंतर आहे, तें त्या दिवशीं कळलें.

कायद्याचेही दोन शब्द. शेतीपंपाच्या जोडणीवर असें यंत्र चालविणें हा विजेचा अनधिकृत वापर होय. २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या कलम १२६ अन्वयें लागू दराच्या दुपटीनें आकारणी होऊं शकते. तसेंच बांधावरचा साग, आंबा, फणस वा चिंच तोडण्यापूर्वीं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणें परवानगी घ्यावी लागते. झाड आपलें, म्हणून कोणी गाफील राहूं नये.

ज्यांच्या वहींत वर्षाकांठीं पंधरा-वीस दिवस निघतील व घरांत एक तरी सरावाचा हात असेल, त्यांनीं यंत्र अवश्य ठेवावें. चार घरांनीं मिळून ठेवण्याची युक्ति कागदावर चांगली दिसते. परंतु मोडतोड कोणाच्या हातून झाली, या वादांचे कागद मीं कचेरींत पुष्कळ पाहिले आहेत.

आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. "बाबा, राहूं द्या, मी परत आल्यावर लागेल," असें त्यांचें म्हणणें. तें ऐकून वर्षभर मीही थांबलों. शेवटीं गांवच्याच सुतारास तें १८,००० रुपयांस दिलें. ८,००० रोख, बाकीचे तीन वर्षांत आमच्या कामाच्या मजुरींत वळते करावयाचे. कराराचा कागद दोघांच्या सह्यांनिशीं केला, आणि उन्हाळ्यांतलें आमचें काम त्यानें अक्षय्यतृतीयेपूर्वीं पुरें करावें, हें कलम त्यांत मुद्दाम घातलें. पडवींत आतां बाभळीच्या फळ्या रचल्या आहेत.