इंग्रजीत गोष्ट लिहायची, तर सुरुवात कुठून?

पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या भातसा धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. भातसानगर परिसरातलं सातवी-आठवीतलं पोर पुराची हकिगत मराठीत सांगायला लागलं की थांबता थांबत नाही. तेच इंग्रजीत लिहायला सांगा, वही कोरी राहते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, तरीही. यामागे काही घट्ट बसलेले गैरसमज आहेत.

गैरसमज : आधी ग्रामर पक्कं हवं, मग गोष्ट.
वस्तुस्थिती : वॉज, वेन्ट, सॉ, सेड, केम अशा दहा-बारा भूतकाळी क्रियापदांवर छोटी गोष्ट उभी राहते. मूल 'वेन्ट'ऐवजी 'गोएड' लिहितं, तेव्हा त्याला नियम कळलेला असतो, अपवाद तेवढा कळायचा असतो.

गैरसमज : मराठीत विचार केला की इंग्रजी बिघडतं.
वस्तुस्थिती : पहिल्या भाषेतली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, अशी मांडणी द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केली. 'एक वाघ होता. तो वाघ म्हातारा झाला होता.' इथे आधी 'एक', मग 'तो'. इंग्रजीतही आधी 'अ टायगर', मग 'द टायगर'. मात्र आपण बोलताना 'मग तो म्हणतो' असं सहज वर्तमानकाळात घसरतो. मुलांच्या इंग्रजीत काळांची सरमिसळ होते, त्याचं एक कारण हे. वर्गात दोन्ही भाषांतली वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की मुलांना फरक दिसतो.

गैरसमज : घटना ओळीने लिहिल्या, शेवटी तात्पर्य टाकलं की झाली गोष्ट.
वस्तुस्थिती : भाषेचे अभ्यासक लेबॉव्ह आणि वालेत्झ्की यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सामान्य माणसांच्या तोंडी हकिगती तपासल्या. कोण, कुठे, कधी. अडचण काय आली. ती कशी सुटली, हे त्यांत होतंच. शिवाय सांगणाऱ्याला त्या घटनेचं काय वाटलं, तेही होतं. 'पाणी वाढलं' ही झाली बातमी. 'पाणी वाढलं, आणि आमची शेळी पलीकडच्या काठावर होती' इथे गोष्ट सुरू होते.

गैरसमज : प्रत्येक चूक लाल शाईने दाखवली की सुधारणा होते.
वस्तुस्थिती : रंगलेली वही पाहून पोर पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, तीही पाठ केलेली. गोष्ट आधी मराठीत, किंवा ठाकरी-कातकरी अशा घरच्या बोलीत सांगू द्यावी, मग इंग्रजीत उतरवावी. दुसऱ्या खर्ड्यात एकाच प्रकारच्या चुका धराव्यात. पहिला खर्डा वाचताना मात्र पेन बाजूला ठेवून गुरुजींनी एवढंच विचारावं : मग शेळीचं काय झालं?